बालेवाडीचे कोर्ट आणि विजेत्यांचे गुडघे

क्रीडा प्रतिनिधी

पुणे - जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात बालेवाडीच्या टेनिस स्टेडियमवर टाटा महाराष्ट्र ओपन स्पर्धेतील एका लढतीची पुणेकरांना विशेष उत्सुकता होती. अव्वल मानांकित मारिन चिलिच आणि नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर उपांत्यपूर्व फेरीत समोरासमोर येणार होते. हा सामना झालाच नाही. गुडघ्याच्या दुखापतीमुळे चिलिचने माघार घेतली. पुढे चाल मिळालेल्या ग्रीक्सपूरने नंतर कारकिर्दीतील पहिले एटीपी विजेतेपद पटकावले.

चिलिच हा काही सामान्य खेळाडू नव्हे. २०१४ चा अमेरिकन ओपन विजेता, २०१७ च्या विम्बल्डनचा आणि २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनचा उपविजेता अशी त्याची ओळख. पुण्यात येण्यापूर्वी ही स्पर्धा चेन्नईत होत असे, तेथेही २००९ आणि २०१० अशी सलग दोन विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. पुण्यातील माघारीनंतर त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम वाया गेला. २०२४ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये चीनमधील हांगझोऊ येथे तो जिंकला, तेव्हा जागतिक क्रमवारीत तो ७७७ व्या स्थानी होता. इतक्या खालच्या क्रमांकावरील खेळाडूने एटीपी स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ. यापूर्वीचा विक्रम १९९८ मध्ये ॲडलेड जिंकणाऱ्या लेटन ह्युइटचा होता. तो तेव्हा ५५० व्या स्थानी होता.

मग या पावणेदोन वर्षांत चिलिचचा फॉर्म गेला होता कोठे? उत्तर सोपे आहे. फॉर्म गेलाच नव्हता. गुडघा गेला होता. विजेत्यांच्या यशापयशाची चर्चा करताना आपण हा फरक सहसा विसरतो.

कोर्ट काय करते?

टेनिस हा एकाच नावाने तीन निरनिराळ्या पृष्ठभागांवर खेळला जाणारा खेळ आहे. मातीच्या कोर्टवर चेंडूचे घर्षण अधिक होते. तो मंदावतो आणि उंच उसळतो. गवतावर तो खाली राहून सरपटत येतो. सिमेंट किंवा डांबराच्या पायावर ॲक्रिलिकचे थर देऊन केलेले हार्ड कोर्ट या दोहोंच्या मध्ये बसते. त्याचा वेग वरच्या थरातील वाळूच्या प्रमाणावर ठरतो.

चेंडूइतकाच फरक पावलांनाही पडतो. मातीवर खेळाडू घसरत चेंडूपर्यंत पोचतो. त्यामुळे थांबण्याचा ताण थोड्या अधिक वेळात विभागला जातो. हार्ड कोर्टवर बूट जागीच रुततो आणि धावत्या शरीराचा भार घोटा, गुडघा व कंबरेवर एकदम येतो. गवतावर सतत वाकून खेळावे लागते आणि ओलसर हिरवळीवर पाय निसटण्याची भीती असते.

१९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत. रामनाथन कृष्णन, विजय अमृतराज यांच्या पिढीला ते मानवले. अमेरिकन ओपन १९७८ पासून आणि ऑस्ट्रेलियन ओपन १९८८ पासून हार्ड कोर्टवर होते. आज हंगामाचा मोठा भाग याच कठीण पृष्ठभागावर खेळला जातो. मातीच्या वाट्याला प्रामुख्याने वसंतातील काही आठवडे आणि गवताच्या वाट्याला त्याहूनही कमी काळ येतो.

एकच कोर्ट, दोन विजेते

पृष्ठभाग सर्व काही ठरवतो, असे मात्र म्हणता येणार नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत चेंडूला विरोध थोडा कमी होतो आणि जोरदार सर्व्हिस करणाऱ्यांना त्याचा लाभ मिळतो. २०१९ च्या अंतिम सामन्यात सहा फूट आठ इंच उंचीचा केविन अँडरसन आणि सहा फूट अकरा इंची इव्हो कार्लोविच भिडले आणि तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले. अँडरसन जिंकला. परंतु त्याच कोर्टवर एक वर्ष आधी जिल सिमॉनने उपांत्य फेरीत चिलिचला आणि अंतिम फेरीत याच अँडरसनला हरवले होते. सिमॉनचे बळ सर्व्हिसमध्ये नव्हते. प्रत्येक चेंडू परतवण्यात होते.

अँडरसनची पुढची वाटचाल अधिक बोलकी आहे. २०१८ च्या विम्बल्डन उपांत्य फेरीत त्याने जॉन इस्नरला सहा तास ३६ मिनिटांच्या लढतीत हरवले होते. पुण्यातील विजयानंतर २०१९ मध्येच आधी कोपर आणि मग गुडघा दुखावला व त्याचा हंगाम अर्ध्यावर संपला. त्याच्या सात एटीपी विजेतेपदांपैकी सहा हार्ड कोर्टवरची, त्यांतील शेवटचे पुण्याचे. सातवे विजेतेपद जुलै २०२१ मध्ये न्यूपोर्टच्या गवतावर मिळाले. मे २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पुढील वर्षीचे पुनरागमन अल्पजीवी ठरले.

मातीही निर्धोक नाही

राफेल नदालने फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकली. त्याच्या ९२ विजेतेपदांपैकी ६३ मातीवरची आहेत. तरीही २०२२ ची फ्रेंच ओपन तो पायाला बधिर करणारी इंजेक्शने घेऊन खेळला. जानेवारी २०२३ मध्ये, चिलिचच्या माघारीनंतर दोन आठवड्यांच्या आत, मेलबर्नच्या हार्ड कोर्टवर त्याची कंबर दुखावली. त्यानंतर एकही ग्रँड स्लॅम विजेतेपद त्याला मिळाले नाही. नोव्हाक जोकोविचचा गुडघा तर २०२४ मध्ये पॅरिसच्या मातीवरच दुखावला. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याच्या आत त्याने विम्बल्डनची अंतिम फेरी गाठली आणि ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्याच मातीवर ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. दुखापत किती गंभीर, शरीर किती लवकर सावरते आणि पुढची स्पर्धा कोणत्या पृष्ठभागावर, या तीन गोष्टींवर पुनरागमन अवलंबून असते.

क्रमवारीचे गणित

त्यात क्रमवारीची पद्धत निर्दय आहे. गेल्या ५२ आठवड्यांतील गुणच मोजले जातात. खेळाडू घरी बसला, की मागील वर्षीचे गुण आपोआप गळतात. किमान सहा महिने बाहेर राहणाऱ्याला संरक्षित क्रमवारीच्या आधारे काही स्पर्धांत प्रवेश मिळतो. पण मानांकन मिळत नाही. पहिल्याच फेरीत तगडा प्रतिस्पर्धी समोर येऊ शकतो. साहजिकच पूर्ण बरे होण्याआधी कोर्टवर उतरण्याचा मोह होतो आणि दुसरी दुखापत ओढवते.

२०२४ पासून पुण्यात एटीपी २५० ऐवजी चॅलेंजर दर्जाची स्पर्धा होऊ लागली. त्या वर्षीचा विजेता, मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो, पुढे खांद्याच्या दुखापतीने मागे पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये २०४ व्या क्रमांकावर असताना त्याने शांघाय मास्टर्स जिंकली. क्रमवारी खेळाडूची हजेरी मोजते. गुणवत्ता नेहमीच मोजते असे नाही.

बोपण्णाचा धडा

पुण्याला जवळचे उदाहरण रोहन बोपण्णाचे आहे. गुडघ्यातील कूर्चा झिजल्यानंतर आपण अय्यंगार योगाकडे वळलो, असे त्याने जाहीरपणे सांगितले आहे. ही योगपद्धती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था पुण्यातच आहे. बालेवाडीत बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणसह आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनसह दुहेरीचे विजेतेपद मिळवले. जानेवारी २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी त्याने मॅथ्यू एब्डेनच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, तीही हार्ड कोर्टवर. एकेरीत क्रमवारीत ८३ व्या स्थानापर्यंत पोचलेला युकी भांबरीही गुडघ्याच्या दीर्घ दुखापतीनंतर दुहेरीकडे वळला. दुहेरीत निम्मे कोर्ट सांभाळायचे असते. शरीराची मर्यादा ओळखून खेळ बदलणे हा पराभव नव्हे, हे या दोघांनी दाखवून दिले.

आपल्या मुलांचे काय?

हा प्रश्न केवळ नामवंतांपुरता नाही. पुण्यात टेनिस शिकणारी असंख्य मुले वर्षभर हार्ड कोर्टवरच सराव करतात. या कोर्टची देखभाल सोपी. मातीला रोज पाणी, रूळ आणि माणसे लागतात. त्यामुळे क्लबांनी सिमेंटकडे वळणे समजण्यासारखे आहे. तथापि वाढीच्या वयात गुडघ्याखाली दुखू लागले, की 'थोडे सहन कर, स्पर्धा जवळ आहे' असे सांगण्याची किंमत पुढे मोजावी लागते.

चिलिचसारख्या खेळाडूकडे फिजिओ, शल्यचिकित्सक आणि थांबण्यापुरता पैसा होता. बारा वर्षांच्या मुलाकडे फक्त पालक आणि प्रशिक्षक असतात. सरावाचे तास मोजणे, वर्षातून काही आठवडे सक्तीची विश्रांती देणे, मिळेल तेथे मातीवर खेळवणे आणि उरलेली मातीची कोर्ट बुजू न देणे एवढे तर शहराच्या हाती आहे. बालेवाडीच्या प्रेक्षकांनी २०२३ मध्ये एका विजेत्याची माघार पाहिली. तीच वेळ आपल्या मुलांवर शाळकरी वयात येऊ नये, यासाठी आजच पावले उचलायला हवीत.