लॉर्ड रॅले : कुळाचें नांव आणि गुणाची पारख

इंग्लंडांतील उमरावांच्या पांच पायऱ्यांपैकीं ‘बॅरन’ ही सर्वांत खालची पायरी. त्या पायरीवरील एका घराण्याची हकीकत या वेळीं वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. कर्नल जोसेफ स्ट्रट यांस सरदारकी मिळावयाची होती. परंतु ती आपणांस न देतां आपल्या पत्नीस द्यावी, अशी त्यांनीं विनंती केली. त्याप्रमाणें १८२१ सालीं लेडी शार्लट या पहिल्या बॅरोनेस रॅले झाल्या. ज्याच्या मुळाशीं आजीचें नांव आहे, असा वंशवृक्ष आमच्याकडे विरळाच!

या आजीबाईंचे नातू जॉन विल्यम स्ट्रट हे १२ नोव्हेंबर १८४२ रोजीं एसेक्स परगण्यांत जन्मले. प्रकृति लहानपणापासून नाजूक. तरी १८६५ सालीं केंब्रिज येथें ते सीनियर रँग्लर झाले. तोच मान १८९९ सालीं आपल्या रँग्लर परांजप्यांस मिळाला, हें वाचकांस विदित आहेच. आकाश निळें कां दिसतें, याचें उत्तर स्ट्रट यांनीं १८७१ सालीं गणितानें दिलें. त्याच सालीं एव्हलिन बाल्फोर यांशीं त्यांचा विवाह झाला. पुढल्याच वर्षीं संधिवाताच्या तापानें त्यांस ग्रासिलें. हवापालटासाठीं उभयतां नाइल नदीवर गेलीं. आणि तेथें नावेंत बसून त्यांनीं ध्वनिशास्त्रावरील आपल्या विख्यात ग्रंथास आरंभ केला.

१८७३ सालीं वडील निवर्तले व टर्लिंग येथील जमीनजुमला आणि लॉर्ड रॅले हें पद त्यांजकडे आलें. तीन वर्षांनीं जमिनीचा कारभार त्यांनीं धाकटे बंधु एडवर्ड यांच्या हातीं सोंपविला. विद्युन्मापनाच्या किचकट प्रयोगांत मेहुणी एलिनॉर सिज्विक यांनीं त्यांस साह्य केलें. या विदुषी पुढें न्यूनम या स्त्रियांच्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. हवेंतून काढिलेला नायट्रोजन रासायनिक रीतीनें केलेल्या नायट्रोजनाहून किंचित् जड कां भरतो, या एवढ्याशा फरकाचा पिच्छा पुरवून त्यांनीं रॅम्झे यांच्यासह आर्गॉन वायु शोधून काढिला. १९०४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. घरच्या माणसांनीं भार उचलला, म्हणून हें साधलें.

परंतु आम्हांस विशेष वाटतें तें निराळेंच. मुंबईस कंपनीच्या नाविक उमेदवारांस शिकविणारे वॉटरस्टन नांवाचे एक शिक्षक होते. वायूचे कण सदैव धांवत असतात व उष्णता हें त्या धांवण्याचेंच मान होय, असा निबंध त्यांनीं १८४५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडिला. परीक्षकांनीं तो टाकाऊ ठरविला आणि तो दप्तरांत पडून राहिला. १८९१ सालीं तो रॅले यांनीं शोधून काढिला व पुढल्या वर्षीं स्वतःच्या प्रस्तावनेसह छापविला. वॉटरस्टन १८८३ सालींच वारले होते. त्या प्रस्तावनेंत रॅले यांनीं असा उपदेश केला आहे कीं, अपरिचित लेखकानें प्रथम लहान कामानें नांव मिळवावें, मग मोठी झेंप घ्यावी.

हा उपदेश व्यवहाराचा खरा. पण न्यायाचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. खुद्द रॅले यांचा एक निबंध नांव गळाल्यामुळें एका समितीनें नाकारला आणि लेखक कोण हें कळतांच पसंत केला, असें त्यांच्या पुत्रानें पितृचरित्रांत लिहिलें आहे. निबंधांतील एक अक्षरही मध्यंतरीं बदललें नव्हतें! रॅले यांस कुळानें स्वास्थ्य दिलें, घरानें अवकाश दिला; मुंबईच्या त्या शिक्षकास यांपैकीं कांहींच नव्हतें.

ज्या घरांत विद्येचा मान आहे, तेथें पुढें केलेला कागद वाचण्यापूर्वीं खालील सही पाहण्याची खोड सहज जडते. दाराशीं आलेला विद्यार्थी कोणाचा कोण, हें विचारण्याआधीं त्यानें आणिलेलें काय आहे, तें पाहावें. अशानें कोणाचीं सेहेचाळीस वर्षें तरी दप्तरांत वायां जाणार नाहींत.