पडदा उघडा ना, भाऊ!

खिडकी ही बाहेर बघण्यासाठी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. यात मत कसलं, असं तुम्हांला वाटेल. पण एकदा विमानात बसून बघा. अर्ध्या खिडक्यांवर पडदे ओढलेले आणि त्यांना डोकी टेकून सज्जन माणसं घोरत असलेली! घोरण्याला माझी हरकत नाही. पण ते वाटेकडच्या खुर्चीतही तितकंच चांगलं जमतं.

"तासाभराचा तर प्रवास! खिडकी घ्यावी ती लांबच्या विमानात," असा उपदेश करणारे जाणकार आमच्या सालेकशातही निपजले आहेत. हे शहाणपण साफ उफराटं आहे. लांबचं विमान जातं ३५,००० फुटांवरून, त्यातून बहुधा रात्री आणि समुद्रावरून. तिथं काचेत दिसतं ते आपलंच जागरणानं सुजलेलं तोंड. बघण्यासारखं जे असतं ते जवळच्या विमानातून.

आमच्याकडचंच घ्या. बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. पुढं कित्येक वर्षं तिथली शिकाऊ विमानं आम्ही मान वर करून खालून पाहिली. १ डिसेंबर २०२३ ला तिथून हैदराबाद-तिरुपतीची प्रवासी सेवा सुरू झाली, ती एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानानं. हे विमान फार तर २५,००० फूट चढतं. त्याचे पंख छपराला लावलेले, त्यामुळं खालची जमीन झाकली जात नाही. रांगेत दोन इकडं, दोन तिकडं. म्हणजे दोघांतल्या एकाला खिडकी मिळणारच. पुढची जागा मिळाली म्हणून मिरवणाऱ्यांना तर इंजिन आणि गरगरणारा पंखा दिसतो, शिवाय दार शेपटीकडं असल्यानं उतरायला सगळ्यांत शेवटी! हुशार माणूस मागं बसतो.

आणि बसतो डावीकडं. हैदराबादला विमान सरळ रेषेत गेलं तर डाव्या हाताला नवेगावबांध आणि इटियाडोह येतात. उजवीकडं गोसीखुर्दचं पाणी आहे, पण बरंच दूर. सकाळचं ऊनही डावीकडंच असतं, ते सोसावं. पावसाळ्यात नुसते ढग. दिवाळीच्या आगंमागं हवा धुतलेली असते, धान पिवळं पडू लागलेलं असतं आणि तळी भरलेली असतात.

ही तळी म्हणजे आमचे मामा तलाव. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी! कोहळी लोकांनी बांधलेल्या या तलावांच्या पाळीवर आमचा जन्म गेला. पण पाळीवर उभं राहून दिसतो तो एकच तलाव. वरच्याचा सांडवा खालच्यात, खालच्याचं पाणी बांध्यांत, बांध्यांतून पुन्हा पुढच्या तलावात, ही साखळी जमिनीवरून कधी डोळ्यांत मावत नाही. ती एका नजरेत दिसते ती या वीस मिनिटांत. आणि ज्यांनी ती खणली त्यांच्याकडं ना विमान होतं, ना नकाशा.

मागे एकदा माझ्या शेजारी, अर्थातच खिडकीशी, एक काकाजी होते. धानाचे शेतकरी. निघाले होते बालाजीला. विमान वर गेलं तसा त्यांनी पडदा ओढला.

"काकाजी, उघडा ना जरा. नवेगाव येते आता."

"काय दिसते जी तिथं? मी नवेगावचाच हाय!"

यावर काय बोलणार? स्वतःचं गाव आपण पाहिलेलं आहे, हा समज माणसाला फार घट्ट चिकटलेला असतो. मी त्यांच्या पोटावरून वाकून पडदा वर केला. काकाजी आधी माझ्याकडं रागानं बघत होते. मग खाली बघू लागले. "अबब, आमच्या बांध्या!" म्हणाले, आणि त्यानंतर सगळी खिडकी त्यांच्या डोक्यानंच भरून गेली. मला नवेगाव त्यांच्या कानाच्या पाळीमागून जेवढं दिसलं तेवढंच.

बरं, खिडकी काही फुकटही मिळत नाही. काही कंपन्या तिचे वेगळे पैसे घेतात. पैसे मोजून खिडकी घ्यायची आणि पडदा लावून झोपायचं, हे म्हणजे तमाशाचं तिकीट काढून कनातीकडं तोंड करून बसण्यासारखं झालं. विमान चढताना आणि उतरताना पडदे उघडे ठेवा, असं सांगतात. तेव्हा सगळे मुकाट उघडतात आणि धावपट्टीकडचं गवत बघतात. माझी मागणी एवढीच आहे, की आमच्याकडून निघणाऱ्या विमानात हा नियम नवेगाव मागं पडेपर्यंत लांबवावा. ज्यांना झोपायचंच आहे, त्यांना वाटेकडची खुर्ची आणि एक उशी कंपनीनं फुकट द्यावी. उशीचे पैसे मी भरतो.