फ्रिजमधलं इंजेक्शन आणि एका अक्षराचा बग

गणपतीत दांडिया बाजारला आत्याकडे गेलो होतो. मोदकांसाठी खवलेलं खोबरं काढायला फ्रिज उघडला, तर लोण्याच्या डब्याशेजारी आतेबहिणीच्या इंजेक्शनचं खोकं. चार वर्षांपूर्वी तिला मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे एमएसचं, निदान झालं. आधी एका डोळ्याला धूसर दिसू लागलं, मग पायाला मुंग्या. वय तेव्हा सव्वीस. आरतीला आलेले एक काका तिला म्हणाले, "रोज काढा घे गं, इम्युनिटी वाढेल." ती नुसती हसली. मी मात्र घरी येऊन वाचत बसलो. कारण तिची इम्युनिटी कमी नाहीच, ती भलतीकडे वळली आहे. मेंदूतल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. तिच्याच पेशी ते कुरतडतात.

खोक्यात असतं इंटरफेरॉन बीटा. हा एक सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवायचा निरोप. इंटरफेरॉन १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना विषाणूंवर काम करताना सापडलं. पण शरीरात ते इतकं कमी बनतं की माणसाच्या पेशींतून गोळा करून किती जणांना पुरणार? म्हणून त्याचा जीन ई. कोलाय जिवाणूत घातला. आपला कोड दुसऱ्याच्या मशीनवर चालवायचा, आणि मग आम्हा इंजिनिअर लोकांचं नेहमीचं रडगाणं: "माझ्याकडे तर चालत होतं!" प्रथिन बनलं, पण त्याच्या गुठळ्या होत, आणि काम जेमतेम. १७व्या जागेवरचं सिस्टीन मोकळं राहून नको त्याच्याशी जोडी जमवत होतं. अमेरिकेतल्या सीटस कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिथे सेरीन बसवलं. डीएनएत बदल किती, तर एका अक्षराचा! तेच बीटा-१बी १९९३ साली अमेरिकेत एमएससाठी मंजूर झालं. बहिणीचं बीटा-१ए हॅमस्टरच्या पेशींत बनतं. त्या पेशी प्रथिनाला साखरेची साखळीही लावतात, ते या जिवाणूला जमत नाही.

आता गंमत, खरं तर गंमत नाहीच. इंटरफेरॉन गॅमा हे याच नावाचं भावंड. ऐंशीच्या दशकात ते एमएसच्या १८ रुग्णांना देऊन पाहिलं, तर सात जणांचा आजार उसळला. गॅमा त्या पेशींना आणखी चेतवतं. काकांचा सल्ला म्हणून मला साधा वाटत नाही.

बीटानेही आजार बरा होत नाही. त्याचे झटके साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. आता याहून जोरकस औषधं आली आहेत, आणि बदलायचं का, यावर तिचं आणि डॉक्टरांचं बोलणं चालू आहे. तोवर दर शनिवारी रात्री ३० मायक्रोग्रॅम, मांडीत. नंतर फ्लूसारखी कणकण येते, म्हणून सोबत पॅरासिटामॉल. रविवारी सकाळी तिला कोणी फोन करत नाही, आत्यासुद्धा नाही.