तीन नाद, एक उजेड

माणसाला एक नाद असावा. दोन असले तरी निभावतात. तिसरा मात्र घरच्यांना विचारून लावून घ्यावा. इथे विस्कॉन्सिनमध्ये आमच्या शेजारी जे गृहस्थ राहतात त्यांनी तसे विचारलेले नाही. वय अडुसष्ट. पहाटे धावतात, परसात बाग करतात आणि नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात.

जून महिन्यात या तिघांचे भांडण नसते. रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, आणि शिकारीचा हंगामही नसतो. ओढाताण होते ती थंडीच्या तोंडाशी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे सरकतात आणि सूर्य पाचच्या आत मावळू लागतो. महिनाअखेर तर साडेचारच्याही आत. पुण्या-मुंबईकडे जी दुपारच्या चहाची वेळ, त्या वेळी इथे दिवे लागतात!

बाग आटोपली म्हणावी तर लसूण असते. ती ऑक्टोबरात लावायची आणि जुलैत काढायची. मध्यंतरी जमीन गोठली की वर पेंढ्याचा जाड थर द्यायचा. हा थर उबेसाठी, असे पुष्कळांना वाटते. तसे नव्हे. जमीन दिवसा वितळते, रात्री गोठते, आणि त्या फुगण्या-बसण्यात पाकळ्या मुळांसकट वर ढकलल्या जातात. गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून हे पांघरूण. म्हणजे काम आधी उरकून मोकळे होण्याची सोय नाही; कडाका पडेपर्यंत थांबायचे. आणि कडाका हटकून शिकारीच्या आठवड्याचा मुहूर्त धरतो.

बंदुकीच्या शिकारीचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि त्याच सकाळी गावोगाव धावण्याच्या शर्यती. बफेलो शहरात ही प्रथा 1896 साली सुरू झाली, ती सर्वत्र पसरली. आता मचाणावर बसावे, शर्यतीत धावावे, की वाफ्यावर पेंढा टाकावा?

बरे, तिन्ही नादांच्या मुळाशी एकच प्राणी. पांढऱ्या शेपटीचे हे हरिण ट्यूलिपचे कोंब खाऊन बागवानाला रडवते, आणि माजाच्या दिवसांत भान हरपून रस्त्यावर उडी घेते, तेव्हा पहाटे धावणाऱ्याची भंबेरी उडते. हंगामात रानाच्या कडेने धावायचे तर अंगात भडक नारिंगी बंडी हवीच. शिकाऱ्यांना तर कायद्यानेच तसा रंग लागतो; 2016 पासून भडक गुलाबीही चालतो, पण आमचे शेजारी त्या रंगाला काही वळलेले नाहीत.

मारणे बरोबर का, हा प्रश्न आमच्या घरी दर साली निघतो. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार हा विषय मिटल्यासारखाच आहे, आणि आमची सौ. पक्की शाकाहारी. शेजारी अशा वेळी आल्डो लिओपोल्ड यांचे नाव काढतात. हे गृहस्थ 1933 पासून याच राज्याच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. तरुणपणी नैर्ऋत्येकडील जंगलखात्यात असताना त्यांनी लांडगे मारले; लांडगे गेले की हरणे वाढतात आणि डोंगर ओरबाडून खातात, हे त्यांना मागाहून उमगले. ते त्यांनी लिहून ठेवले. पुस्तक निघाले 1949 साली, त्यांच्या मृत्यूनंतर वर्षाने. शेजारी म्हणतात, लांडगा नाही तिथे त्याचे काम कोणीतरी करायला हवे. मला हे निम्मेच पटते. लांडगा दुबळे जनावर गाठतो, मोठी शिंगे पाहून भिंत सजवीत नाही. पण हेही खरे, की शेजारी मादी मारतात, तिचे मांस हिवाळाभर पुरवतात आणि भिंतीवर काही टांगीत नाहीत. 2002 साली या राज्यात हरणांचा एक मेंदूचा रोग आढळला. तेव्हापासून तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यांच्या घरी मांस शिजत नाही.

यंदा मात्र वाद हरणाच्या जिवाचा नसून खुद्द शेजाऱ्यांच्या जिवाचा आहे. गुडघा कुरकुरतो, आणि मचाण पंधरा फूट उंच. त्यांच्या पत्नीला बंदुकीची धास्ती नाही; निसरड्या पायऱ्यांची आहे. "तिघांतला एक सोडा," असे त्यांनी निक्षून सांगितले. चार दिवस दोघांत अबोला होता, आणि ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसत.

शेवटी तोड निघाली. मचाण बंद, जमिनीवर झुडपाआड बसायचे, तेही पहिले दोन दिवस, आणि सोबत मुलाला न्यायचे. गुरुवारी शर्यत आहे, पण चालत. तिकडे स्वतः पत्नीही येणार आहेत, बहुधा पहारा करायला. पेंढ्याचे काम आमच्याकडे आले आहे. पाच गासड्या काल आमच्या गराजमध्ये येऊन पडल्या, आणि जमीन अजून मऊ आहे.