काल बडोद्यात आपण हरलो

काल मॅच संपली आणि मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "हरलो." ती म्हणाली, "कोण? आज तर भारताची मॅच नव्हती."

तिचं काही चुकलं नाही. पण त्या 'कोण?'वरच रात्रभर डोकं फिरत राहिलं. आज शुक्रवार, ऑफिसला जायचंय, तरी सकाळी सकाळी हे लिहायला बसलोय. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काल, १६ जानेवारीला, बडोद्याजवळ कोटंबीच्या स्टेडियमवर विजय हजारे करंडकाची सेमीफायनल होती. महाराष्ट्र विरुद्ध विदर्भ. विदर्भाने ५० षटकांत ३ बाद ३८० केल्या. ध्रुव शोरी ११४, यश राठोड ११६. पहिली विकेट मिळायला आपल्याला २२४ धावा मोजाव्या लागल्या. मग करुण नायर आला आणि त्याने ४४ चेंडूंत नाबाद ८८ ठोकल्या. जितेश शर्माने अर्धशतक केलं ते वेगळंच. आपण ७ बाद ३११. ऋतुराज ७ वर गेला. अर्शिन कुलकर्णी ९०, अंकित बावणे ५०, निखिल नाईक ४९. पराभव ६९ धावांनी.

सगळे करुण नायरबद्दल बोलतायत, आणि बोलायलाच पाहिजे. अख्ख्या स्पर्धेत ७५२ धावा आणि आउट फक्त एकदा, हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला. पण मॅच त्याने नाही हरवली हो. मॅच आधीच गेली होती. दोन ओपनर दोनशेच्या वर जाईपर्यंत आपल्याला एक विकेट काढता येत नाही, तेव्हा पुढचा माणूस खांदे मोकळे करूनच येणार. कोणी म्हणेल करुण कर्नाटकचा, शोरी दिल्लीचा, बाहेरची माणसं आणून जिंकले. मग यश राठोड कुठला? दर्शन नळकांडे आणि नचिकेत भुते यांनी तीन-तीन विकेट काढल्या, ते कुठले? आणि रजनीश गुरबानी, विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदाच्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेणारा, तो आज कोणाकडून खेळतो? आपल्याकडून! तेव्हा ती तक्रार करण्यात अर्थ नाही.

हरल्याचं दुःख आहेच. पाच दिवसांपूर्वी पंजाबला ७० धावांनी हरवलं होतं, अर्शिनने १०७ केल्या होत्या, त्यामुळे आशा जरा जास्तच वाढली होती. पण या संघामागे असणाऱ्यांना सवय आहे. करुणला असं आपल्यासमोर पाहायची तर मला अकरा वर्षांची सवय आहे. २०१४ ची हैदराबादची रणजी फायनल आठवते का कोणाला? महाराष्ट्र ३०५ आणि ३६६, कर्नाटक ५१५ आणि ३ बाद १५७. सात विकेटने गेलो. के. एल. राहुलने १३१ केल्या होत्या. त्या कर्नाटकच्या संघात हाच करुण होता, आणि आपल्याकडे हाच बावणे. त्या वर्षी क्वार्टर फायनलला केदार जाधव आणि विजय झोल यांनी वानखेडेवर मुंबईलाच घरी बसवलं होतं. आम्ही चार मित्र त्या दिवशी उगाचच मिसळ खायला गेलो होतो, सेलिब्रेशन म्हणून. बाजूच्या टेबलवरच्या माणसाने विचारलं, कशाबद्दल? सांगितलं, महाराष्ट्राने मुंबईला हरवलं. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, "अरेरे, मुंबई हरली?"

हा आपला खरा प्रॉब्लेम आहे, मंडळी. राज्य एक, रणजीचे संघ तीन. मुंबईने रणजी ४२ वेळा जिंकली. विदर्भ आपल्या दृष्टीने कायम धाकटा भाऊ. त्यांनी २०१७-१८ आणि २०१८-१९ ला लागोपाठ जिंकून दाखवली. चंद्रकांत पंडितांसारखा कडक मास्तर आणला, वासिम जाफर आणला, आणि पोरांना घडवलं. आणि आपण? आपणही दोनदा जिंकलोय. १९३९-४० आणि १९४०-४१. कॅप्टन प्रोफेसर दि. ब. देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा माणूस. म्हणजे विदर्भाने दोन सीझनमध्ये आपल्या पंचाऐंशी वर्षांच्या पुंजीची बरोबरी केली. त्यानंतर आपल्या नावावर उरल्या त्या फायनल. १९७०-७१ ला मुंबईचे बडे खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते, तरी उरलेल्या मुंबईकडून ४८ धावांनी हरलो. १९९२-९३ ला लुधियानात पंजाबकडून. २०१४ चं वर सांगितलं. वनडेत २०२२ ची अहमदाबादची फायनल, ऋतुराज १०८, तरी शेल्डन जॅक्सनने नाबाद १३३ करून सौराष्ट्राला जिंकून दिलं. त्याच स्पर्धेत ऋतुराजने एका षटकात सात षटकार मारले होते, ते सगळ्यांना पाठ आहे. फायनल हरलो हे विचारा, दहातल्या आठ जणांना माहीत नसेल.

आपल्या क्रिकेटचं नशीबच तसं. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ ला पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी होत्या. समोरच्या कॅप्टनने मॅचच सोडून दिली. जिंकलो, पण हळहळ आजही जात नाही.

तर प्रश्न असा, की नाशिकच्या माणसाने 'आपण' कोणाला म्हणायचं?

पोरांच्या अंगावर बघा. पिवळी सात नंबरची जर्सी किंवा निळी. माझ्या मुलाकडे दोन्ही आहेत, त्यामुळे मी काही शहाणपण शिकवत नाहीये. तेही 'आपलेच' आहेत, मान्य. पण लिलावात दर काही वर्षांनी अर्धा संघ बदलतो आणि आपण 'आपण' म्हणत राहतो. याउलट नाशिकच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला मोठ्या क्रिकेटमध्ये जायचं तर दरवाजा एकच आहे, त्यावर 'महाराष्ट्र' लिहिलंय. सत्यजित बच्छाव नाशिकचा. इतकी वर्षं डावखुरी फिरकी टाकतोय महाराष्ट्राकडून. तो उद्या कॉलेज रोडला चहा प्यायला उभा राहिला तर किती जण सेल्फी मागतील? रामकृष्ण घोष नाशिकचाच. नोव्हेंबरच्या लिलावात चेन्नईने ३० लाखांना घेतला, तेव्हा माझ्या वॉलवर अभिनंदनाचा पूर आला होता. छान वाटलं. पण आदल्या आठवड्यापर्यंत त्यातल्या किती जणांना त्याचं नाव माहीत होतं? सिन्नरच्या माया सोनवणेचंही तेच. २०२२ ला व्हेलॉसिटीकडून तिची लेगस्पिनची अजब अ‍ॅक्शन टीव्हीवर दिसली, तेव्हा आम्हाला कळलं की ही आपल्या शेजारची.

कोणी लगेच कमेंटमध्ये लिहील, क्रिकेटचं काय घेऊन बसलात, कविता राऊत, दत्तू भोकनळ यांचं बोला. अगदी बरोबर. कविताने २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थचं कांस्य आणलं, दत्तू रिओला होडी घेऊन गेला. पदक दिसलं की आपण मिरवणुकीला तयार. त्याआधीच्या दहा वर्षांत मात्र रस्त्यावर, पाण्यावर ते एकटेच असतात.

मला हा किडा कॉलेजात लागला. आमच्या कॉलेजची टीम म्हणजे काही फार भारी नव्हती. पण ओपनर आमच्या बाकावर बसायचा, विकेटकीपर माझ्या जर्नलची कॉपी करायचा. एका वर्षी कशीबशी फायनलला पोचली. आम्ही पन्नासेक जण लेक्चर बुडवून गेलो, कोणीतरी गणपतीतला ढोल आणला होता. शेवटच्या जोडीला सात धावा हव्या होत्या आणि आमचा विकेटकीपर रनआउट झाला. ढोलवाला पोरगा ढोलावरच डोकं ठेवून बसला. संध्याकाळी तोच विकेटकीपर आमच्याबरोबर कटिंग पीत होता आणि कोणाला काय बोलावं सुचत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "जर्नल उद्या परत दे." तो जो हसला ना! इतक्या वर्षांत भारताच्या किती मॅच हरल्या, किती जिंकल्या. असं लागलं नाही कधी. त्या दिवशी कळलं की 'आपण हरलो' म्हणजे काय असतं. हरणाऱ्याचा चेहरा ओळखीचा असावा लागतो.

काल मोबाईलवर महाराष्ट्राची मॅच बघताना तो चेहराच सापडत नव्हता. आम्ही या संघाला चेहरे दिलेच नाहीत. मग तो हरला की बायको विचारणारच, कोण?

आता कामाचं बोलतो. याच संघाची पुढची मॅच नाशिकमध्ये आहे! येत्या गुरुवारपासून, २३ ते २६ जानेवारी, रणजी, महाराष्ट्र विरुद्ध बडोदा, आपल्या गोल्फ क्लबवर. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं खरं नाव, पण ते आपण पत्रिकेवर छापण्यापुरतंच वापरतो. ज्या पोराने १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये जॅक्सनला गोळ्या घातल्या त्याचं नाव तरी मॅचच्या निमित्ताने तोंडात येऊ द्या. जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी निम्मं नाशिक चालतं. मॅच चालू असताना ट्रॅकवरून बाहेरच्या बाहेर निघून जाणारेही मी पाहिलेत, मान वळवून स्कोअर विचारतात आणि पुढे जातात.

हातातोंडाशी आलेला घास काल गेला. आठवडाभरात पांढरे कपडे घालून चार दिवसांचं क्रिकेट खेळायला मैदानात उतरणं सोपं नाही. पन्नास षटकांत तुम्हाला झोडपलेलं असतं, आणि आता दिवसाला नव्वद षटकं टाकायची. मला ते बघायचंय. सेमीफायनल हरलेला बॉलर पहिल्या सकाळी नवा चेंडू हातात घेतो तेव्हा कसा दिसतो, हे टीव्हीवर कळत नाही.

पालकांनो, विशेषतः ज्यांची पोरं अकॅडमीत जातात, तुम्हाला एक विनंती. फी भरता, बॅटला हजारो रुपये घालता, पहाटे साडेपाचला स्कूटरवरून सोडायला जाता. पण पोराने आयुष्यात कधी पूर्ण दिवस चार दिवसांची मॅच बघितली आहे का? एकदा दाखवा. सकाळी चेंडू हलतो, जेवणानंतर काहीच होत नाही, आणि साडेतीनला अचानक दोन विकेट पडतात. त्या मधल्या कंटाळ्यातच खरं क्रिकेट असतं. मुख्याध्यापक मित्रांनाही सांगणं आहे, एक वर्ग एका दिवसासाठी आणलात तर सिलॅबस बुडणार नाही. शनिवारी तिसरा दिवस आहे. रविवारी २६ जानेवारी, झेंडावंदन करून सरळ मैदानात.

संघ पुन्हा हरेल की जिंकेल, मला माहीत नाही. बडोदाही काही सोपं नाही. बच्छाव बाउंड्रीला फील्डिंगला आला तर त्याच्या नावाने हाक मारा एवढंच सांगतो. 'नाशिक' म्हणून ओरडू नका, 'सत्या' म्हणा, तो वळून बघेल.

मी गुरुवारी नऊ वाजता गेटवर असेन. अर्धा दिवस रजा टाकली आहे, बॉसने अजून पाहिली नाही. टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन या, ऊन लागतं. कोण कोण येतंय ते खाली लिहा. ढोल असेल कोणाकडे तर तोही सांगा, पोलिसांना विचारून घेऊ.