विंचवाचे बिऱ्हाड द्राक्षांच्या मळ्यात

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण वापरतो ती थोड्या कुचेष्टेनेच. ज्याला घर ना दार, सामान म्हणजे एक वळकटी आणि एक तांब्या, अशा माणसासाठी ती राखून ठेवलेली असते. अमेरिकेत मात्र या विंचवाचा मान फार मोठा आहे. चांगली खातीपिती, घरेदारे असलेली, नातवंडांनी वेढलेली माणसे नोकरीतून सुटली की चाकांवरचे घर घेतात आणि नवराबायको मुलुखगिरीला निघतात. या घराला तिकडे आर. व्ही. म्हणतात. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे शेगडी, फ्रीज, मोरी, संडास आणि एक टेबल. टेबल खाली पाडले की त्याचाच पलंग होतो.

दर आठवड्याला या सदरातून मी वाचकांना नाशिकच्या मेन रोडपलीकडे फारसा नेत नाही. पण दिवाळी अंकात जागा ऐसपैस मिळते, तेव्हा यंदा जरा लांब जाऊ.

२०२५ च्या ऑगस्टअखेर आम्ही उभयता कॅलिफोर्नियात मुलीकडे होतो. तिने आणि जावयांनी आठ दिवसांसाठी बावीस फुटी आर. व्ही. भाड्याने घेऊन दिली. जावयांना माझ्या ड्रायव्हिंगची काळजी वाटत होती. एस. टी.च्या वर्कशॉपात माझी तीस वर्षे गेली आहेत, बावीस फूट म्हणजे आमच्या लाल डब्याचे धाकटे भावंड, हे त्यांना सांगून मी किल्ली खिशात टाकली. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि तिसरी कसली ते सुज्ञांस सांगणे न लगे. दर दोन-तीन दिवसांनी ठरलेल्या ठिकाणी जाऊन नळी लावून त्या रिकाम्या करायच्या. हे काम पुरुषाचे, असे आमच्या मंडळींनी पहिल्याच दिवशी जाहीर केले.

कुठे जायचे हेही त्यांनीच ठरवले. "द्राक्षाच्या बागा बघायच्या. दुसरं काही नको."

यामागे कारण होते. सौ. द्राक्षवाल्यांची लेक. दिंडोरी तालुक्यात तिच्या माहेरी चार एकर वाइनच्या द्राक्षांची बाग आहे. नाशिकला ही द्राक्षे आली त्याचा धागा कॅलिफोर्नियाशीच जुळतो. राजीव सामंत तिकडे शिकून, नोकरी करून परतले आणि सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या साथीने त्यांनी 'सुला' उभी केली. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि पाठोपाठ अनेक कंपन्या निघाल्या. त्यांतल्याच एका लहानशा कंपनीशी माझ्या मेहुण्याने करार केला. ती कंपनी पुढे बंद पडली. त्यानंतर दर वर्षी नवे गिऱ्हाईक शोधायचे, आणि मिळेल तो भाव घ्यायचा. वाइनची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. कारखान्याने नाही घेतली तर ती बाजारात पाटीभरही खपत नाहीत. त्यात २०२५ चा पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि हटायला तयार नव्हता. मेहुण्याच्या डोक्यावर अठरा लाखांचे कर्ज. प्लॉट पाडून विकणारा एक गृहस्थ चारी एकर घ्यायला तयार होता. सातबाऱ्यावर सौ.चेही नाव असल्याने तिच्या सहीवाचून व्यवहार पुरा होत नव्हता. "ताई, दिवाळीच्या आत काय ते सांग," असा त्याचा निरोप तिच्या फोनमध्ये होता. तो घेऊनच आम्ही निघालो होतो.

नापा खोऱ्याची लांबी तीसेक मैल आणि रुंदी कोठेही पाच मैलांहून अधिक नाही. पश्चिमेच्या अंगाने एकोणतीस नंबरचा हमरस्ता, पूर्वेच्या अंगाने सिल्व्हराडो ट्रेल, आणि मधे नुसत्या द्राक्षांच्या ओळी. नापा, यौंटव्हिल, ओकव्हिल, रदरफर्ड, सेंट हेलेना, कॅलिस्टोगा अशी गावे माळेतल्या मण्यांसारखी लागतात. सेंट हेलेनाजवळ चार्ल्स क्रुगचा १८६१ चा कारखाना आहे, खोऱ्यातला सर्वांत जुना. जवळच बेरिंजर, १८७६ चा. तिथली डोंगरातली तळघरे चिनी मजुरांनी हातांनी खोदली. आत फ्रेंच ओकची पिंपे रचलेली असतात. एका पिंपात सव्वादोनशे लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या, आणि एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे. हा हिशेब सौ.ने तिथल्या तिथे तोंडी केला आणि बाटलीची किंमत वाचून मेहुण्याला मिळणाऱ्या भावाने तिला भागले. उत्तर तिने मला सांगितले नाही.

चाखण्याचा विधी वाचकांना सांगायला हवा. माणशी चाळीस-पन्नास डॉलर मोजायचे. मग समोर चार-पाच पेले येतात, प्रत्येकाच्या तळाशी औषधाच्या डोसाएवढी वाइन. ती आधी उजेडाला धरून बघायची, पेला गरगर फिरवायचा, नाक आत घालायचे, घोट तोंडात घोळवायचा आणि हवा तर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. पन्नास डॉलर देऊन थुंकायचे हे काही माझ्या जिवाला पटले नाही. सौ. थेंबही घेत नाही. ती फक्त वास घेई आणि निकाल देई. "याला आमसुलाचा वास आहे. याला ओल्या लाकडाचा." वाढणारी मुलगी आ वासून ऐकत राही.

खरी गंमत बागेत होती. एका मळ्यात काम पाहणाऱ्या गृहस्थांना तिने मला विचारायला लावले, "खुंट कोणता?" मी दुभाष्याचे काम सुरू करणार, तोच तिने स्वतःच सांगितले, "आमच्याकडे डॉगरिज." गृहस्थ खो खो हसले. डॉगरिज हा खुंट मूळचा अमेरिकेतलाच, टेक्ससकडचा. खारे पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आपल्याकडच्या बागा त्यावर उभ्या आहेत. मग दोघांचे असे काही जमले की माझी गरज उरली नाही. त्यांच्याकडे वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. "आमची वेल झोपत नाही," हे सौ.ने हातवारे करून समजावले, तेव्हा त्यांनी टोपी काढली.

कलमाची गोष्टही त्यांनीच सांगितली. मुळे पोखरणारी फायलोक्झेरा नावाची कीड अमेरिकेतली. ती १८६० नंतर फ्रान्सात पोचली आणि तिथल्या बागा बसल्या. अमेरिकन मुळांना मात्र ती फारसे काही करू शकत नाही. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा, अशी जगभर रीत पडली. गाडीत आल्यावर सौ. म्हणाली, "मूळ एकीकडचं आणि फळं दुसऱ्या घरची. आम्हा बायकांचं तरी आणखी काय असतं?" यावर नवऱ्याने बोलायचे नसते, एवढे मी संसारात शिकलो आहे.

या खोऱ्याचा दिमाख पाहून वाटते की इथे पहिल्यापासून सोन्याचा धूरच निघत असावा. तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच किडीने इथल्या बागा खाल्ल्या. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. चर्चसाठी वाइन करण्याची मुभा होती, त्यावर ब्यूल्यूसारखे थोडे कारखाने तगले, बाकीच्यांना कुलपे लागली. कितीतरी लोकांनी वेली उपटून आलुबुखार आणि अक्रोड लावले. पुढे रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये ओकव्हिलला कारखाना काढला. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावे झाकून चव घेतली, तेव्हा पांढऱ्यांत शातो मोंतेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप, अशा नापाच्याच दोन वाइन पहिल्या आल्या. त्यानंतरही १९८०-९० च्या सुमारास खुंट दगा देऊन पुन्हा हजारो एकर बागा काढून नव्याने लावाव्या लागल्या.

मग या सगळ्यातून खोरे राहिले कसे? सॅन फ्रान्सिस्को जेमतेम पन्नास मैलांवर. प्लॉट पाडणारे इथेही आले असतील की! याचे उत्तर १९६८ सालच्या एका ठरावात आहे. नापा परगण्याने ही जमीन शेतीसाठी राखून ठेवली आणि वीस एकरांहून लहान तुकडा पाडायला मनाई केली. पुढे ती मर्यादा चाळीस एकर झाली. त्या वेळी पुष्कळ जमीनमालक चिडले होते. आमच्या जमिनीचे काय करायचे ते आम्ही ठरवू, हे त्यांचे म्हणणेही अगदीच चुकीचे नव्हते. पण बागा किती वेळा गेल्या, तरी जमीन जागेवर राहिली, म्हणून बागा परत येऊ शकल्या. सौ.ने हे मला दोनदा सांगायला लावले.

बारा नंबरच्या रस्त्याने आम्ही पूर्वेला लोडायला आलो. इथे नापाची ऐट नाही. सपाट मैदान, जुन्या झिनफांडेलच्या बुटक्या, गाठाळ वेली. एका लहान कारखान्याच्या अंगणात रात्रभर गाडी उभी करायची परवानगी मिळाली. शेजारी वाड्याएवढा उंच ढीग होता. जवळ जाऊन पाहिले तर मुळांसकट उपटलेल्या वेली. २०२४ च्या हंगामात कॅलिफोर्नियात गिऱ्हाईक नाही म्हणून पुष्कळ द्राक्षे वेलींवरच राहिली होती. लोक पूर्वीइतकी वाइन पीत नाहीत. या मालकांनी चाळीसपैकी तीस एकर काढून टाकले होते, आजोबांच्या हातची पाच एकर तेवढी राखायची म्हणत होते.

सौ. ढिगाकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग तिने विचारायला लावले, "जमीन विकणार का?"

"नाही. वेल लावली की तीन वर्षांत फळ देते. जमीन लावता येत नाही."

"कर्ज नाही का?"

"आहे ना. यंत्रे विकली. बायको शाळेत शिकवते, तिच्या पगारावर हप्ता जातो."

त्या रात्री टेबलाचा पलंग झाला नाही. चाखण्याच्या कागदाच्या पाठीवर सौ. हिशेब मांडत बसली. दोन एकर काढून भाजीपाला. उरलेल्या दोन एकरांत खुंट तेच ठेवायचे, मुळे जुनी आणि जोमदार आहेत, वर खायच्या द्राक्षांचे नवे कलम बांधायचे. प्रश्न होता तो कर्जाचा. आमच्याजवळ दहा लाख आहेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, जिना चढताना माझे गुडघे कुरकुरतात, म्हणून लिफ्टच्या घरासाठी ते बाजूला ठेवले होते.

"गुडघे तुमचे, जमीन माझ्या बापाची," ती म्हणाली. "म्हणून विचारते आहे, सांगत नाही."

मी गुडघ्यांना विचारले. ते म्हणाले, अजून पाच-सहा वर्षे चढू. तसे मी तिला कळवले.

नाशिकला सकाळ झाली होती. तिने फोन लावला. "बाग काढ हवी तर, जमीन काढू नकोस. सही मी देणार नाही, पैसे देईन." पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मेहुणा म्हणाला, "ताई, तिकडे वाइन पिऊन बोलतेस का?" आणि मग त्याला पुढे बोलवेना.

हे धोरण फळेल की नाही, मला ठाऊक नाही. पाऊस कुणाचे ऐकत नाही आणि बाजार त्याहून नाही. पण प्लॉटवाल्या गृहस्थांना नकार गेला आहे, आणि दोन एकरांतल्या खुंटांवर नवे डोळे बांधायचे ठरले आहे. भाऊबीजेला आम्ही दिंडोरीला जाणार आहोत. तबकात ओवाळणी भावाने घालायची, अशी रीत आहे. यंदा ओवाळणारीच्या पिशवीत चेकबुक असेल. वाचकहो, तुमची दिवाळी सुखाची जावो, आणि तुमच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव असेल, तर तिलाही एकदा विचारून बघा.