दोष कर्जदारांचा नव्हे

आयर्लंडचं गृहकर्ज संकट लोकांनी हव्यासापायी ओढवून घेतलं, हे मागील अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. लेट्रिम, लाँगफर्डसारख्या विरळ वस्तीच्या भागांत घरं बांधायला करसवलती दिल्या त्या सरकारनेच. तिथे पुढे दारं-खिडक्यांविना अर्धवट घरांच्या ओळी उरल्या. १०० टक्के कर्ज वाटणाऱ्या बँकांना नियामकांनी आवरलं नाही. तेव्हाचे अर्थमंत्री ब्रायन कॉवेन २००८ साली पंतप्रधान झाले आणि सप्टेंबरात याच बँकांना त्यांच्या सरकारने रातोरात हमी दिली. याला राजकीय जबाबदारी नाही म्हणायचं तर कशाला? दिवाळखोर ठरलेल्या सामान्य कर्जदाराला मात्र सुटकेसाठी १२ वर्षं थांबावं लागे. ती मुदत ३ वर्षांवर आणणारा कायदा २०१२ मध्ये झाला, तोही पुढच्या सरकारने केला.
– एक वाचक, पुणे